होडीच्या फळ्यांचा खोका

मला कुणी काही पाठवलं तर मी आधी खोका बघते. नातवाला याचं भारी हसू येतं. दारात कुरिअरवाला आला की तो पुठ्ठा टराटरा फाडायला निघतो आणि मी आतून ओरडते, "अरे थांब मेल्या, कसा भरलाय ते बघू तरी दे!" "आजी, सामान आत असतं," तो मला समजावतो, म्हातारीला तेवढंही कळत नसल्यासारखं. मग मी खोक्याचे कोपरे चाचपते, कानाशी धरून हलवते आणि आत काही खुळखुळलं की पाठवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडते. एवढ्या मोठ्या कंपन्या, आणि वीतभर बाटलीसाठी शेळी मावेल एवढा खोका! माझे बाबा असते तर त्यांनी तो उलट टपाली परत धाडला असता आणि सोबत बरोबर माप लिहून दिलं असतं.

बाबा सुतार. मूळचे मासवणचे, पण मला कळायला लागलं तेव्हा आम्ही बोईसरला होतो आणि बाबा एका पत्र्याच्या शेडमध्ये खोकी ठोकत होते. खोकी म्हणजे लाकडाची, कारखान्यातली यंत्रं आणि त्यांचे भाग लांबच्या गावी पाठवायला लागतात ती. पुढे शेड, मागे आमच्या दोन खोल्या आणि मध्ये एक दार. ते दार मी जन्मात कधी लागलेलं पाहिलं नाही, कारण त्याला कायम फळ्या टेकवलेल्या असायच्या. त्यामुळे शेडमधलं सगळं घरात यायचं. भुसा तर भाकरीतसुद्धा यायचा. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात करवतीची घरघर, मग हातोड्याचे ठोके: बाबा खिळा तीन ठोक्यांत बसवायचे, चौथा ठोका पडला की आई चुलीपाशी म्हणायची, "आज जीव थाऱ्यावर नाय वाटतं." कारखान्याचा भोंगा झाला, पाळीची बस रस्त्यावरून धडधडत गेली, की घड्याळ न बघता कळायचं, आता तवा चढणार. वारा फिरला की औषधांच्या कारखान्यांचा उग्र दर्प यायचा. तेव्हा मी पळत शेडमध्ये जाऊन ताज्या रंधलेल्या फळीला नाक लावून उभी राहायची.

लाकूड निवडणं ही बाबांची पूजा होती म्हणा ना. वखारीत गेले की तास तास परतायचे नाहीत. हलक्या सामानाला सावर, मध्यमाला आंबा, लांबच्या प्रवासाला सुकवलेला पाईन आणि जड यंत्राच्या बुडाशी जाड वासे. फळी उचलायची, बोटाच्या पेराने ठोकायची, आवाज ऐकायचा, आणि मग डोळे मिटून ती गालाला लावायची. गार लागली तर ओली. ओली फळी खोक्याला लावायची नाही म्हणजे नाही, कारण ती वाटेत सुकते, आकसते, खिळे ढिले होतात आणि आतलं सामान नाचायला लागतं. "ओल्या लाकडाचा सुतार" ही आमच्या धंद्यातली सगळ्यात घाण शिवी. बाबांनी ती एकदाच कुणाला तरी दिली होती, तर तो माणूस मारायला धावला होता.

माझ्याकडे रंगाचं काम होतं. खोका तयार झाला की पत्र्याचा साचा धरून मी त्यावर काळ्या रंगाने चित्रं उमटवायची: वर कुठली बाजू ते सांगणारे दोन बाण, काचेचा पेला म्हणजे सांभाळून धरा, आणि छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, सतरावं सरलं होतं, अंगात मस्ती होती. छत्री मला फार आवडायची. मी ती सांगितलेल्याहून एक जास्तच काढायची आणि बाबा म्हणायचे, "शालू, एवढ्या छत्र्या बघून पाऊस यायचा गो."

आई सातपाटीची, कोळ्यांची. मासवणचा सुतार आणि सातपाटीची कोळीण, हे कसं जमलं असं मला शाळेत बाया विचारायच्या. जमलं ते होडीवर जमलं. बाबा तरणेपणी सातपाटीला होड्या दुरुस्त करायला जायचे, तिथेच सुतारकी शिकले. माझ्या आजोबांच्या, म्हणजे नानांच्या होडीची एक फळी बदलायला म्हणून गेले आणि आठ दिवसांचं काम त्यांनी महिनाभर पुरवलं. पाणी द्यायला नानांची हिरू यायची ना! पुढचं तुम्हीच समजून घ्या. दोघांनी लग्न केलं आणि नानांनी दार लावून घेतलं. लेकीशी ते कधीमधी बाजारात दोन शब्द बोलत, पण बाबांचं नाव अठरा वर्षांत त्यांच्या तोंडी आलं नाही. "तो सुतार" म्हणायचे. आमच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. मी नानांना पाहिलं ते सातपाटीला आईबरोबर गेले की, किनाऱ्यावर, जाळं विणताना. माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "जेवलीस काय गो?" बाबांचं एक अक्षर नाही.

आईने याचं दुःख कधी बोलून दाखवलं नाही. ती स्वयंपाकातून बोलायची. नानांची आठवण आली की सुके बोंबील भाजायची. बाबा डोंगराकडच्या बाजूचे, कुळथाच्या पिठीवर वाढलेले, लग्न झाल्यावर वर्षभर ते सुक्या मासळीच्या वासाने शेडमध्ये जाऊन झोपायचे म्हणे. पुढे तेच ताटात बोंबील नसला तर ताट फिरवून बघायला लागले. पण ज्या दिवशी विनाकारण बोंबील भाजले जायचे त्या दिवशी बाबा चव नाही सांगायचे, मुकाट जेवायचे आणि उठताना आईच्या खांद्याला हळूच हात लावायचे. मला वाटायचं, हात पुसतायत. इतकी मी अडाणी होते!

त्या उन्हाळ्यात नानांची होडी मोडली. मोडली म्हणजे म्हातारी झाली होती, मामाने नवी घेतली आणि जुनीच्या फळ्या काढून किनाऱ्यावर रचल्या. लोक जळणाला मागायला आले तर नाना काठी घेऊन उठले. होडीचं लाकूड चुलीत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी मामा टेम्पो घेऊन आमच्या दारात उभा. टेम्पोत नानांच्या होडीच्या सागवानी फळ्या. "बाने धाडल्यात," मामा म्हणाला. "म्हनाला, त्या सुताराला दे. त्याला लाकडाची कदर हाय."

आई दारात होती, तिच्या हातातलं पातेलं पडलं. बाबा टेम्पोवर चढले, एक फळी ओढली, गालाला लावली आणि तशीच कितीतरी वेळ धरून बसले. मी म्हटलं, "बाबा, एवढं काय तपासताय?" तर मामाने मला डोळ्यांनी गप्प केलं. फळी अगदी कोरडी होती, वैशाखाच्या उन्हाने तापलेली. नंतर मला कळलं, बाबा तपासत नव्हतेच.

आता असल्या फळ्यांचं करायचं काय? शेजारचे म्हणाले कपाट करा, पलंग करा. बाबा हसले. "मी कपाटवाला नाय. नानांनी खोक्यांच्या सुताराला लाकूड दिलंय. त्याचा खोका होनार, आणि असा होनार की नानांनी कुनाला पन सांगावं." आणि तसं काम आलंही. एका कंपनीचे, तिचं नाव सांगत नाही, लोखंडी रूळ, म्हणजे लाटण्यासारखे गोल रोलर, एका दूरच्या कापडगिरणीला जायचे होते. मोठे, घासूनपुसून इतके लखलखीत केलेले की त्यात माझे विस्कटलेले केस दिसायचे. स्टोअरचे सामंत साहेब कडक माणूस. "मिस्त्री, ओरखडा जरी आला तरी गिरणी माल परत करेल," त्यांनी बजावलं होतं. बाबांनी छाती ठोकून सांगितलं, "साहेब, माज्या सासऱ्यांच्या होडीचं लाकूड हाय. दर्याला नाय भ्यालं ते ट्रकला काय भिनार?"

खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, कीड लागत नाही, हे सातपाटीत शेंबडं पोरही सांगेल. बाबा होड्यांवरच शिकलेले, त्यांच्याही डोक्यात तेच. किनाऱ्यावरच्या माणसाला मुरलेल्या लाकडापेक्षा चांगलं लाकूड ठाऊकच नसतं. त्यांनी आठ दिवस त्या खोक्यावर काढले. रूळ मोठा असला की तो नुसता ठेवून चालत नाही, त्याच्या दोन टोकांना अर्धचंद्रासारख्या कोरलेल्या बैठका द्याव्या लागतात, म्हणजे तो अधांतरी राहतो आणि लोळत नाही. त्या बैठका बाबांनी होडीच्या सगळ्यात चांगल्या फळ्यांतून कोरल्या. रुळांना ग्रीस, वर कागद, वर प्लास्टिक, मग झाकण. मी रंगाचा डबा घेऊन गेले आणि चारी बाजूंनी मन भरेस्तोवर छत्र्या काढल्या. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. सामंत साहेब खोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "मिस्त्री, हे लाकूड फेकून देतील हो ते लोक! जीव कसा होतो तुमचा?" बाबा म्हणाले, "जाऊ दे साहेब. लांब जाऊ दे." पाऊस लागला होता. ट्रक गेला तेव्हा बाबा रस्त्यापर्यंत चालत गेले होते, लेकीला सासरी धाडल्यासारखे.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रूळ परत आले. गंजले होते. सगळे नाहीत, आणि सगळीकडे नाहीत. फक्त जिथे बैठकांना टेकले होते तिथे, प्रवासात ग्रीस घासलं गेलं होतं तिथे, तांबडे डाग खोलवर बसले होते. गिरणीने माल नाकारला. सामंत साहेबांनी बाबांना चार माणसांत उभं केलं आणि म्हणाले, "मिस्त्री, परवा येऊन मला कारण सांगा. कारण कळल्याशिवाय तुमचा एकही खोका या फाटकातून आत येणार नाही." बाबा सुटा केलेला खोका हातगाडीवर घालून घरी आले. ओझं स्वतः ओढत आणलं, कुणाला हात लावू दिला नाही. फळ्या शेडमध्ये भिंतीला लावल्या आणि समोर बसून राहिले. जेवले नाहीत. आईने दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं. शेडमधल्या सावरीच्या, आंब्याच्या, सगळ्या फळ्या खडखडीत कोरड्या होत्या, आणि होडीच्या तेवढ्या घामेजल्या होत्या. आई चहा घेऊन आली होती. तिने सहज एका फळीवरून हात फिरवला, बोटांकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, बोट जिभेला लावलं. मग कप खाली ठेवून ती तिथेच भुशात बसली.

"मीठ सुटलंय," ती म्हणाली. "बाच्या होडीचं मीठ."

बाबांनी चाटून पाहिलं, मग मी. खारट, म्हणजे अगदी समुद्र. श्रावणात आमच्या मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटायचं, तसंच त्या फळ्यांना सुटलं होतं. उन्हाळ्यात त्या गालाला कोरड्या लागल्या, पाऊस लागताच त्यांनी हवेतलं पाणी ओढलं आणि बंद खोक्यात ते खारं पाणी रुळांना पाजत राहिल्या. छत्र्या मी बाहेरून काढल्या होत्या. पाणी आतच होतं.

मला तर हायसं वाटलं. "चला, कारण सापडलं! उद्या साहेबांना सांगून टाका," मी म्हटलं. दोघं माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जीभ चावली.

बाबा म्हणाले, "मी सांगनार, फळी ओली व्हती. माजी चूक."

"ओली?" आई उसळली. "तुमी ओली फळी लावली? कोन इश्वास ठेवील? आनि ठेवला तर जल्मभर ओल्या लाकडाचा सुतार म्हनतील तुमाला!"

"म्हनू दे. ती गोष्ट सातपाटीला पोचायला किती येळ लागतो? साऱ्या होड्यांवाल्यांचे भाऊ-पुतने हितं कामाला. नानांच्या होडीनं माल नासवला, हे नानांच्या कानावर गेलं तर?" बाबांचा आवाज अगदी खाली गेला. "अठरा वर्सांनी तुज्या बापानं माज्याकडं तोंड केलंय, हिरा. ते फिरलं तर परत वळायचं नाय. नाव काय, मी आनखी दहा वर्सं खोके ठोकीन, परत मिळवीन."

बाबांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर माझाच हात ठेवून शपथ घातली, नानांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. मी शपथ घेतली. मनापासून घेतली, खोटं नाही सांगत.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून कंपनीत गेले, आई बाजारात गेली, आणि मी दारात तांदूळ निवडत होते. रस्त्याच्या टोकाला एक म्हातारा दिसला. डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर नारळांची पिशवी, प्रत्येक दाराशी थांबून विचारतोय. नाना! पालघरला एसटी बदलून, पत्ता विचारत, अठरा वर्षांत पहिल्यांदा!

"काय गो, जेवलीस काय?" त्यांनी विचारलं, सकाळचे नऊ वाजले होते तरी. पिशवी पायरीवर ठेवली. उंबऱ्याशी जरा घुटमळले आणि मग घरात न जाता शेडकडे वळले. मी आडवी गेले, पाणी देते म्हटलं, बसा म्हटलं. कशाचं काय! ज्या माणसाने चाळीस वर्षं एका होडीवर काढली, त्याला तिची फळी शंभर फळ्यांतून दिसणारच.

"ही हितं कशी? तुजा मामा म्हनला लांब गेली."

"परत आली," मी म्हटलं. "साहेबांना... पसंत नाही पडली."

नानांनी फळ्यांवरचे गंजाचे डाग बघितले, खिळ्यांची भोकं बघितली. त्यांचा चेहरा हळूहळू कडू झाला. "नासवलं ना काम? तरी मी म्हनतो! एवढं सोन्यासारकं लाकूड दिलं, आनि त्या सुताराला धड खिळा मारता येत नाय. कशाला धाडलं मी? माजीच मती फिरली."

मी फार रागीट होते, अजून आहे, घरात विचारा. ज्या माणसाने आदल्या रात्रीपासून आरशासमोर उभं राहून "साहेब, फळी ओली होती" म्हणायची तालीम केली होती, ज्याच्या तोंडून ते "ओली" काही केल्या बाहेर पडत नव्हतं, त्याला हा म्हातारा खिळा मारता येत नाही म्हणतो? शपथ, डोकं, हात, सगळं गेलं उडत. "सुताराचं काही चुकलेलं नाही!" मी किंचाळलेच. "खारट आहे तुमची होडी! तुमच्या होडीने गंजवलेत रूळ! आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून माझे बाबा आत्ता तिकडे जाऊन ओल्या लाकडाचा सुतार म्हणवून घेतायत!"

बोलले आणि मला रडू फुटलं. नानांनी अंगठा फळीवर घासला आणि जिभेवर ठेवला. त्यांना चव घ्यायची गरज नव्हती, तरी ठेवला. मग फळीवर तळहात टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस पिशवी उचलणार, निघून जाणार, आणि बाबांची अठरा वर्षं मी एका वाक्यात बुडवली.

"कंपनी कुठं हाय?" नानांनी विचारलं. आणि भिंतीला लावलेली एक बैठक उचलून काखेत मारली.

रिक्षात नानांनी एकदा विचारलं, "ओल्या लाकडाचा सुतार म्हंजे लय वाईट काय गो?" मी म्हटलं, "सगळ्यात वाईट." त्यांनी मान हलवली. फाटकावर वॉचमन उत्तरेकडचा, उंचापुरा. लाल टोपी, कमरेला गुडघ्यापर्यंतचा कोळी रुमाल आणि काखेत लाकूड बघून त्याने दांडा आडवा केला. "कहाँ चले बाबा?" मी म्हटलं, मिस्त्रींकडे जायचंय, आत सामंत साहेबांपाशी आहेत. मला तो ओळखत होता. नानांकडे हनुवटी करून त्याने विचारलं, "और ये? मिस्त्री के कौन लगते हैं?"

मी काय सांगणार? अठरा वर्षांत त्या नात्याला आमच्यात कुणी नावच दिलं नव्हतं. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग वॉचमनकडे.

"सासरा," ते म्हणाले. "मी त्याचा सासरा. तो जावय हाय माजा."

वॉचमनला ते कळलं आणि त्याने दांडा बाजूला केला. त्याला काय माहीत, काय ऐकलं त्याने!

आत बाबा सामंत साहेबांच्या टेबलासमोर उभे होते, हात पाठीमागे, मान खाली. आम्ही दारात पोहोचलो तेव्हा ते म्हणतच होते, "फळी ओली व्हती साहेब. माजीच..." "खोटं बोलतोय तो," नाना दारातूनच गरजले. बाबांनी गर्रकन वळून बघितलं. नानांनी बैठक साहेबांच्या कागदांवर आदळली. "लाकूड माज्या होडीचं. मी धाडलं. दर्यात मुरलेलं, त्यानं पानी धरलं. ह्यानं गालाला लावून बगितलं, कोरडं लागलं, ह्याचा दोष नाय. चाटून बगा." साहेब म्हणाले, "अहो आजोबा, काहीतरीच काय!" "चाटा वो साएब! मीठ हाय, इख नाय." आणि काय सांगू, टाय लावलेल्या त्या माणसाने खरंच आजूबाजूला बघून घेतलं आणि फळीला जिभेचं टोक लावलं. तोंड वाकडं केलं, आणि मग खो खो हसत सुटला. "खारट आहे हो मिस्त्री! बोंबील भरा यात!" हसून झाल्यावर ते म्हणाले, रूळ पुन्हा घासून घ्यावे लागतील, नवा खोका सुकवलेल्या पाईनचा करा, आणि सोमवारी माप घ्यायला या. बाबा नानांकडेच बघत होते, म्हणून मीच हो म्हटलं.

फाटकाबाहेर बाबा नानांच्या पायाशी वाकायला गेले. नानांनी त्यांना अर्ध्यातच दंडाला धरून उभं केलं आणि तो दंड तसाच धरून ठेवला. दोघांनाही पुढे काय करायचं ते येईना. दोन बाप्ये माणसं, रस्त्यात, ट्रक हॉर्न देतायत आणि एकमेकांच्या खांद्यावरून तिसरीकडेच बघतायत. शेवटी नाना म्हणाले, "एसटी चुकंल. बुदवारी येतो जेवायला. हिरूला सांग." आणि ते पाठ न फिरवता चार पावलं मागे गेले, मग वळले. बाबा त्यांना स्टँडवर पोचवायला निघाले. त्यांना आपल्या डोळ्यांचं पाणी पुसायचंही भान नव्हतं. मला म्हणाले, "तू घरी पळ. आई वाट बगत असंल."

मी पळाले. सतरा वर्षांची घोडी, रस्त्याने धावले. आई पायरीवर उभी होती, समोर नारळांची पिशवी. पिशवी तिने ओळखली होती. घर रिकामं, शेड उघडी, बाप येऊन गेलेला, माणूस नाही, लेक नाही. "भांडले ना?" तिने विचारलं. "कळलं ना बाला? तू सांगितलंस?"

"मी सांगितलं," मी धापा टाकत म्हटलं. "आई, नाना कंपनीत गेले. फाटकावर वॉचमनने विचारलं, हे मिस्त्रींचे कोण. तर नाना म्हणाले, मी त्याचा सासरा. तो जावय हाय माजा."

"काय म्हनला?" आईने विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली. "परत सांग."

"मी त्याचा सासरा," मी म्हटलं. "तो जावय हाय माजा."

"असा हळू नाय बोलत बा," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसत नव्हती. "दर्यावर बोलायची सवय हाय त्याला. जोरात बोलला असंल. जसं बोलला तसं सांग."

मग मी आमच्या दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "तो जावय हाय माजा!" समोरच्या खोलीतली बाई घाबरून बाहेर आली.

"हां," आई म्हणाली. "असं."